ऐंशी टक्के ओलावा

बाई : नको, दुसरे बेडूक नकोच मला. जे दोन उरलेत तेही तुम्ही येऊन घेऊन जा.

दुकानदार : ताई, आधी बसा. डबा इकडे द्या. कधी गेले हे?

बाई : एक काल सकाळी, एक आज. तो मोठा, आमची पोरगी चिंगी ज्याला हवालदार म्हणायची, तो आज गेला.

दुकानदार : हवालदार गेला? अहो, गेल्या आठवड्यात तुम्हीच सांगत होतात, किडे नुसते हादडतोय म्हणून. बघू... कातडी ओली आहे. सुकून नाही मेलेला. ओलाव्याचा काटा किती दाखवत होता?

बाई : काटा! महिनाभर त्या काट्याकडे बघतेय मी. पोरीच्या तापाकडे एवढं बघितलं नसेल. ऐंशी दाखवतोय.

दुकानदार : पाणी फवारल्यावर ऐंशी. आणि दुपारी?

बाई : दुपारीही ऐंशी. सकाळीही ऐंशी. तुम्ही म्हणालात ना, पस्तीसवर आलाय, बेडूक तडकून मरतील म्हणून. मग मी बसवला ऐंशीवर.

दुकानदार : झाडबेडकाला दिवसा साठपर्यंत चालतं. फवारा मारला की ऐंशी, मग हळूहळू उतरायला हवं. चढ-उतार पाहिजे त्याला. सतत ऐंशी म्हणजे बेडकांच्या काचपेटीत बुरशी धरणार.

बाई : हे आत्ता सांगताय?

दुकानदार : तेव्हाही सांगितलं असेल.

बाई : नाही सांगितलंत. तुम्ही सांगितलंत, खिडकी लावून घ्या, पंखा बंद, झरोक्याला चिकटपट्टी लावा, ह्युमिडिफायर चालू ठेवा. कागदावर लिहून दिलंय. कागद आहे माझ्याकडे.

दुकानदार : दोन दिवसांसाठी, ताई. हवा कोरडी पडली होती म्हणून.

बाई : दोन दिवस असं कागदावर नाही.

दुकानदार : ...नाही लिहिलं. खरंय. माझी चूक. पण ओलाव्यानं एवढ्या झटकन नाही मरत बेडूक. आधी अंगावर पांढरे डाग येतात, खाणं सुटतं, आठवडा-पंधरवडा जातो त्यात. ह्याला डाग नाहीत. मरायच्या आधी काय करत होता?

बाई : उड्या. काचेवर नुसत्या धडका. वरच्या जाळीला चिकटून बसायचा, पुन्हा खाली पडायचा. चिंगी म्हणाली, आई, त्याला बाहेर यायचंय. मी म्हटलं, भूक लागली असेल.

दुकानदार : आणि तो पहिला?

बाई : तसाच. काका, मला बेडकांचं काही ऐकायचं नाही हो. मी त्यासाठी आलेलीच नाही. पोरगी तीन दिवस आजारी आहे. उलट्या होतायत, डोकं दुखतंय, छाती आवळल्यासारखी होते म्हणते. डॉक्टर म्हणाले पोटाचा संसर्ग असेल, घरात पाळीव प्राणी आहेत का? म्हटलं, बेडूक. त्यांनी असं बघितलं माझ्याकडे! शिवणाचे चार ड्रेस अर्धे टाकून आलेय मी. तुमच्या बेडकांनी माझ्या पोरीला आजारी पाडलंय, एवढंच सांगायचंय.

दुकानदार : बेडकाला हात लावून तोच तोंडात घातला तर पोट बिघडतं, नाही म्हणत नाही. हात धुवायची ती?

बाई : कोपरापर्यंत. साबणानं. आणि आठ दिवसांत तर पेटी मीच साफ करतेय, तिला हात लावू दिलेला नाही.

दुकानदार : ताप आहे?

बाई : नाही. तेच डॉक्टरांनाही कळेना.

दुकानदार : तुम्हाला काही होतंय?

बाई : मला काय धाड भरलीय? मी दिवसभर बाहेरच्या खोलीत मशीनवर असते. पेटीतला वास सहन होत नाही मला.

दुकानदार : कसला वास?

बाई : बेडकांचा. तुम्ही म्हणाला होतात ना, वास येत नाही म्हणून. चांगला घमघमतो. सडक्या मासळीसारखा. कधी वाटतं कुणी लसूण ठेचलाय.

दुकानदार : पेटी उघडल्यावर येतो?

बाई : पेटी उघडल्यावर काही नाही, खोलीचं दार उघडल्यावर येतो. पेटीतलं शेवाळ बदललं, पाणी बदललं, तरी आहेच.

दुकानदार : लसूण. नक्की?

बाई : आता वासाचं काय घेऊन बसलात!

दुकानदार : ताई, रागावू नका, पण जे विचारतो त्याचं नीट उत्तर द्या. त्या खोलीत कोणी औषध मारलंय? झुरळांचं, ढेकणांचं, काहीही?

बाई : नाही! तुम्हीच तंबी दिली होती. खोलीत फवारणी केली तर बेडूक त्याच दिवशी मरतील, कातडीतून शोषतात म्हणून. ढेकूण झाले तरी मी फवारणीवाल्याला दारातून परत पाठवलं.

दुकानदार : ढेकूण झाले होते?

बाई : सासऱ्यांचा पलंग. ओळखीच्यांकडून आणलेला, जुना, खालून पेटीचा. त्यातून आले. बाबा आणि चिंगी त्या बेडकांच्याच खोलीत झोपतात ना. रात्रभर खाजवत बसायची दोघं.

दुकानदार : आता आहेत?

बाई : नाही. गेले.

दुकानदार : आपोआप?

बाई : बाबांनी काहीतरी केलं. म्हणाले, फवारायचं नाही ना, मग नाही फवारत, माझ्याकडे दुसरा उपाय आहे.

दुकानदार : काय केलं त्यांनी?

बाई : मला नाही माहीत. पलंगाच्या पेटीत काहीतरी ठेवलं.

दुकानदार : ताई, तुमचे सासरे काम काय करायचे?

बाई : धान्याच्या गोदामावर होते. एकतीस वर्षं, राखणीला. का?

दुकानदार : पलंगाखाली कधी झाडलंत?

बाई : काल झाडलं. अहो, तुमचा चेहरा असा काय झालाय?

दुकानदार : काही सापडलं?

बाई : राखेसारखी भुकटी. पलंगाच्या फटीतून गळलेली. मला वाटलं, उदबत्तीची...

दुकानदार : फोन काढा. घरी लावा. आत्ता. घरी कोण आहे?

बाई : चिंगी आहे. बाबा आहेत. शाळेत नाही पाठवलं तिला. काका, काय झालंय?

दुकानदार : लावा आधी, बोलतो. माझं जुनं दुकान धान्याच्या पेढीच्या मागं होतं. मधली भिंत एकच. एका सकाळी कुलूप उघडलं तर साठ पाखरं मेलेली, एकही जिवंत नाही. वास हाच होता. त्यांनी पोत्यांत गोळ्या ठेवल्या होत्या, किडा मारायच्या. त्या गोळ्या पेटवायच्या नाहीत, फवारायच्या नाहीत. हवेतला ओलावा लागला की त्यातून विषारी वायू सुटतो. हवा जितकी दमट तितका जोरात.

बाई : ओलावा...

दुकानदार : वाजतोय का फोन?

बाई : वाजतोय. उचलत नाहीत. काका, खोली बंद आहे. मी दाराखाली टॉवेलसुद्धा लावलाय, ओला करून.

दुकानदार : पुन्हा लावा.

बाई : उचला हो बाबा... उचला... बाबा! बाबा, कुठे होतात?

दुकानदार : स्पीकरवर टाका.

आजोबा : हॅलो? कोण, सूनबाई? अगं, जरा पडलो होतो. डोकं जड झालंय.

बाई : चिंगी कुठाय?

आजोबा : झोपलीय. मघाशी पुन्हा ओकली. मी पुसून काढलं सगळं, तू काळजी नको करू.

दुकानदार : आजोबा, मी बेडूकवाला बोलतोय. पलंगात तुम्ही काय ठेवलंय?

आजोबा : कोण बोलतंय?

दुकानदार : बेडूकवाला! पलंगाच्या पेटीत गोळ्या ठेवल्यात का? गोदामातल्या?

आजोबा : हां, त्या होय. आमच्या जुन्या मुकादमाकडून आणल्या. फवारणी नाही केली बरं का, तुमच्या बेडकांना काही होणार नाही. फडक्यात बांधून ठेवल्यात.

दुकानदार : आजोबा, पोरीला उचला आणि घराबाहेर जा. जिन्यात. आत्ताच्या आत्ता. दुसरं काही करू नका.

आजोबा : अहो, एकतीस वर्षं मी त्या गोळ्यांत काढलीत. गोदामात शेकड्यानं टाकायचो आम्ही.

दुकानदार : आणि टाकल्यावर गोदामात झोपायचात?

आजोबा : ...नाही. कुलूप लावायचो.

दुकानदार : किती दिवस?

आजोबा : आठवडाभर दार उघडू द्यायचे नाहीत साहेब.

बाई : बाबा, चिंगीला उचला! बाबा, तुमच्या पाया पडते, उचला तिला!

आजोबा : उचलतो. उचलतो गं. चिंगे... ए चिंगे, ऊठ बाळ... अंग कसं गळून गेलंय हिचं. सूनबाई, ही डोळे उघडत नाहीये.

बाई : आई गं!

दुकानदार : श्वास घेतेय का? आजोबा, छाती हलतेय का?

आजोबा : हलतेय. घेतली खांद्यावर. फोन खिशात टाकतो.

दुकानदार : ताई, रडू नका, पत्ता सांगा. माझ्या फोनवरून अग्निशमनला लावतोय. हॅलो? घरात विषारी वायू आहे, धान्याच्या गोळ्यांचा. लहान मुलगी आणि म्हातारे गृहस्थ. रुग्णवाहिकाही पाठवा. ताई, पत्ता!

बाई : पाण्याच्या टाकीमागची इमारत. तिसरा मजला. डावीकडचं दार. सांगा ना त्यांना लवकर या म्हणून.

दुकानदार : पाण्याच्या टाकीमागं, तिसरा मजला, डावीकडचं दार. आतल्या खोलीत पलंगात आहेत गोळ्या. पाणी मारू नका, पाण्यानं जास्त सुटतो वायू. हो, माहीत असेलच तुम्हाला. या, या लवकर.

आजोबा : सूनबाई? ऐकू येतंय का? जिन्यात आलोय. शेजारच्या काकूंनी घेतलीय हिला. पायरीवर बसल्यात घेऊन.

बाई : डोळे उघडले का?

आजोबा : काकू पाणी लावतायत तोंडाला. हं, उघडले. उघडले बघ. आई कुठाय म्हणते.

बाई : सांगा येतेय म्हणून. निघालेच. काका, तुमची गाडी?

दुकानदार : दारातच आहे. आजोबा, आता कोणीही आत जायचं नाही. सगळ्यांनी खाली मैदानात उतरा. गाडी येतेय.

आजोबा : काकूंच्या घरात तान्हं आहे हो. पाळण्यात. आमची नि त्यांची भिंत एकच.

दुकानदार : त्यालाही खाली न्यायला सांगा.

आजोबा : न्यायला सांगतो. पण ते सगळं मीच मांडून ठेवलंय ना. मीच काढतो. खिडकी फोडली की वारा लागेल. दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानदार : आजोबा, नाही! आत जायचं नाही!

बाई : बाबा, ऐका त्यांचं!

आजोबा : बादलीत टाकून बुडवून टाकतो, म्हणजे...

दुकानदार : पाणी नको! पाण्यात टाकायच्या नाहीत! आजोबा! ऐकताय का?

बाई : बोलत नाहीयेत. फोन चालू आहे.

दुकानदार : काय ऐकू येतंय? कानाला लावा.

बाई : पावलं. खोकतायत. काहीतरी फाटतंय, टरटर असं... आता पाणी.

दुकानदार : बादलीचं?

बाई : नाही. बारीक आहे. सू-सू असा आवाज. बेडकांच्या पेटीतल्या फवाऱ्याचा पंप सुरू झालाय. साडेअकरा झाले, काका. साडेअकराला आपोआप सुरू होतो तो. तुम्हीच लावून दिला होतात.

(तिसऱ्या दिवशीची दुपार. दवाखान्यातला व्हरांडा.)

दुकानदार : येऊ का?

बाई : आलातच की. बसा.

दुकानदार : कालही आलो होतो. खालूनच परत गेलो.

बाई : बघितलं मी खिडकीतून.

दुकानदार : चिंगी कशी आहे?

बाई : बरी आहे म्हणायची. हृदयाचे ठोके अजून मध्येच चुकतात, म्हणून छातीला तारा लावून ठेवल्यात. पण डॉक्टर म्हणाले, पहिले चोवीस तास निघाले, आता निभावेल. सकाळी दूध प्यायली. नर्सबाईंशी भांडली सुई लावू देत नाही म्हणून. भांडली तेव्हा मला जरा बरं वाटलं.

दुकानदार : आणि आजोबा?

बाई : तुम्हाला खाली कोणी सांगितलं नाही?

दुकानदार : नाही.

बाई : पहाटे गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्या दिवशीच्या दोन मिनिटांनी नाही नेलं. चार रात्री त्याच पलंगावर झोपत होते. बरोबर गोळ्यांवर. चिंगीचं अंथरूण तरी दाराजवळ होतं. त्यांनाही उलट्या होत होत्या, काका. मला कधी कळू दिलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून ओकायचे. मला वाटायचं, म्हातारं माणूस, पाणी फार सांडतंय.

दुकानदार : बोलले काही?

बाई : काल संध्याकाळी शुद्धीवर होते. मला म्हणाले, ढेकूण तरी गेले ना? मला हसूच आलं. आणि मग म्हणाले, पोरीला सांगू नकोस मी ठेवल्या म्हणून. नाहीतर ती भिईल मला.

दुकानदार : सापडले तेव्हा कुठे होते?

बाई : खिडकीपाशी. खिडकी उघडली होती. झरोक्याची चिकटपट्टीही ओढून काढलेली. हाताला गुंडाळली गेली होती सगळी, अग्निशमनच्या जवानांना कात्रीनं कापावी लागली. गोळ्यांना हात लावला नव्हता. तुमचं ऐकलं त्यांनी, पाण्यात नाही टाकल्या. तुम्ही ओरडलात ते पोचलं असणार.

दुकानदार : ताई, त्या कागदावर मी लिहिलं होतं...

बाई : माहितीये मला काय लिहिलं होतं.

दुकानदार : खिडकी लावा, पट्टी लावा, फवारू नका. तिन्ही माझंच. मी नुसतं एवढं जरी लिहिलं असतं, की दोन दिवस...

बाई : काका, पट्टी मी लावली. स्टुलावर चढून. एक कोपरा सुटत होता तर पुन्हा कात्री आणून दुसरी लावली, मापात कापून. शिवणारी बाई मी, फट राहू देत नाही.

दुकानदार : तुम्ही मला काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.

बाई : नाही बोलणार. बोलायला लागले तर मला थांबता यायचं नाही, आणि आत पोरगी आहे.

दुकानदार : बरं.

बाई : ते दोन उरलेलेही गेले. पेटी अजून घरातच आहे. तेवढी तुम्ही घेऊन जा. ह्यांची गाडी परगावाहून उद्या सकाळी पोचेल. त्यांना ती दिसायला नको.

दुकानदार : आजच नेतो. चावी द्या.

बाई : पोलिसांकडे आहे. ते विचारायला येतील तुमच्याकडेही.

दुकानदार : येऊ देत. जे आहे ते सगळं सांगेन. तो कागद द्या त्यांना.

बाई : दिलाय.

दुकानदार : बरं केलंत. तुमच्या मिस्टरांना मी भेटू? आल्यावर?

बाई : लगेच नको. बापाचं सगळं करायचंय त्यांना. मग बघू.

दुकानदार : आणि चिंगीला? आजोबांचं?

बाई : सकाळपासून तीनदा विचारलं तिनं. दोनदा म्हटलं, झोपलेत. तिसऱ्यांदा म्हणाली, मग त्यांना उठव की.

दुकानदार : काय सांगणार आहात?

बाई : काही सुचलेलं नाही. सांगेन. आधी आत जाऊन जरा वेणी घालते तिची, दोन दिवस तशीच आहे.